एकशेवीस-ऐंशी

(डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या स्मरणार्थ कल्याण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आनंदीबाईंच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानाला तुम्ही एका नर्सला बोलावलंत, याचं मला मोठं समाधान आहे. १९८९ साली मी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणून कामाला लागले. आधी शहापूर तालुक्यातलं एक उपकेंद्र, मग शहरांतली प्रसूतिगृहं, आणि शेवटची काही वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवणं. चौतीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा केलेलं काम म्हणजे गरोदर बाईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधणं. आज तेवढ्याच कामाबद्दल बोलायचं आहे. ते इतकं लहान आहे की राहून गेलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

आनंदीबाई कल्याणच्या. जोश्यांची यमुना. १८६४ साली या गावात सार्वजनिक वाचनालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ला, ती जन्माला आली. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत मूल गेलं. त्या दहा दिवसांनी तिला डॉक्टर केलं, असं आपण म्हणतो. मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून ती पदवी घेऊन बाहेर पडली. प्रबंधासाठी विषय घेतला होता तोही आपल्याकडच्या बाळंतपणांचा, आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा.

मी शिकवायला लागले तेव्हा एक गोष्ट प्रथम माझ्या ध्यानात आली. आनंदीबाईंच्या डॉक्टरी पिशवीत बीपीचा पट्टा असणं शक्यच नव्हतं. दंडाला बांधून हवा भरायचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली केला. हवा सोडताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या ठोक्यांचा अर्थ रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी लावला तो १९०५ साली. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७मध्ये पुण्यात वारल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गरोदर बाईला झटके येतात आणि ती दगावते, हे त्या काळी प्रत्येक डॉक्टरला ठाऊक होतं. अशा बायकांच्या लघवीत अल्ब्युमिन जातं, हेही लंडनच्या गाईज हॉस्पिटलच्या जॉन लिव्हर यांनी १८४३ साली दाखवून दिलं होतं. पण झटका यायच्या कितीतरी दिवस आधी दंडाच्या धमनीत जो इशारा वाजत असतो, तो ऐकायचं साधन नव्हतं. ते आपल्याकडे शंभराहून जास्त वर्षं आहे.

आकडे थोडक्यात सांगते. २०२३ साली जगात गरोदरपणात आणि बाळंतपणात सुमारे २ लाख ६० हजार बायका गेल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. थेट कारणांत पहिलं रक्तस्राव, दुसरं वाढलेला रक्तदाब. दर सहा-सात मृत्यूंमागे एक रक्तदाबाचा. आपल्या महाराष्ट्राने मोठी मजल मारली आहे. लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ साली १३० माता जात होत्या, २०१८-२०च्या नमुना नोंदणी अहवालात ते प्रमाण ३३ होतं. यात दवाखान्यातली बाळंतपणं आली, १०८ची रुग्णवाहिका आली, आशाताई आल्या. मी हे काम आतून पाहिलं आहे, म्हणून त्याचा मला अभिमान आहे. आणि आतून पाहिलं आहे म्हणूनच उरलेल्या मृत्यूंबद्दल बोलायचा मला अधिकारही आहे.

आता जे सांगणार आहे ते आजवर फक्त माझ्या विद्यार्थिनींना सांगितलं आहे.

शहरातल्या प्रसूतिगृहातली सुरुवातीची वर्षं होती. गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. बाकावर, व्हरांड्यात, जिन्याच्या पायऱ्यांवर मिळून ऐंशीएक जणी. वजन, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या आणि बीपी, सगळं दोघी नर्सनी मिळून करायचं. आमच्याकडचं पाऱ्याचं यंत्र त्या दिवशी बिघडलं होतं. रबरी फुग्याला चीर गेली होती, हवा भरली की निम्मी बाहेर यायची आणि पारा शंभराच्या वर चढेना. दुसरं यंत्र लेबर रूममध्ये होतं, तिथे एक बाई अडली होती. पहिल्या चार-पाच जणींचं मी कसंबसं मोजलं. मग नुसतंच लिहायला लागले. ११०/७०. १२०/८०. १२०/८०. कार्डं पुढे सरकत होती.

त्यात एक वीस वर्षांची पहिलटकरीण होती, आठव्या महिन्यातली. तिने हातातल्या बांगड्या काढून रुमालात बांधल्या होत्या. म्हणाली, "सिस्टर, हल्ली चढतच नाहीत हातात." मी तिच्या हाताकडे पाहिलं. कार्डावर १२०/८० लिहिलं आणि पुढचीला हाक मारली.

सहाव्या दिवशी पहाटे तिला रिक्षात घालून आणलं. आदल्या संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सासूने बाम चोळून दिला होता. पहाटे पहिला झटका आला. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी झालं, त्यात तासभर गेला. दुसरा झटका आमच्या दारात आला. तेव्हा डॉक्टरांनी पट्टा बांधला, रक्तदाब १८०/१२०. मुंबईला पाठवायचं ठरलं. गाडी मिळाली, रस्त्यात ती गेली. पोटातलं मूलही गेलं. तिच्या उशाशी पिशवी होती, पिशवीत कार्ड होतं, आणि मागच्या खेपेच्या रकान्यात माझं अक्षर होतं.

मला कुणी जाब विचारला नाही. उलट सगळे एकमेकांना सांगत होते की अचानकच झालं हो, सहा दिवसांपूर्वी बीपी अगदी नॉर्मल होतं. त्या खोट्या आकड्याने सगळ्यांचं समाधान केलं होतं. मी रकाना कोरा सोडला असता, तर त्याच दिवशी आतल्या डॉक्टरांनी तरी विचारलं असतं की हिचं बीपी का नाही घेतलं. मी लिहिलेल्या आकड्याने तो प्रश्नच मिटवून टाकला.

त्यानंतर न मोजता मी कधीही आकडा लिहिला नाही. पण ती मुलगी काही परत आली नाही.

गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाचा हा आजार मुळात आहे काय, ते आपल्या भाषेत सांगते. बाळाचं पोषण वारेतून होतं. वार गर्भाशयाला चिकटते तेव्हा आईच्या तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात, पाटाचं पाणी शेतात पसरावं तसं रक्त वारेत पसरायला हवं. काही बायकांत त्या वाहिन्या अरुंदच राहतात. वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की त्यांनी आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. मूत्रपिंड दुखावलं की लघवीतून प्रथिनं जातात, यकृत दुखावलं की छातीखाली, बरगड्यांपाशी दुखतं, मेंदूवर आलं की डोकं ठणकतं, दृष्टी अंधुक होते आणि शेवटी झटके. रक्तदाब वाढणं ही या सगळ्याची वर्दी. पाचवा महिना सरल्यावर १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब चार तासांच्या अंतराने दोनदा सापडला तर तो आजार धरायचा. १६०/११० असेल तर वाट पाहायची नाही, पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचं आणि तासाच्या आत औषध पोटात किंवा शिरेत गेलंच पाहिजे. मेंदूत रक्तस्राव होतो तो इथेच.

बाई स्वतःला आजारी समजत नाही, ही या आजारातली सगळ्यात वाईट गोष्ट. १५०/१०० असलेली बाई स्वयंपाक करते, लोकल पकडते, हसून बोलते. पाय सुजले तर शेजारीण सांगते, शेवटच्या महिन्यांत सुजतातच. तेही खरंच आहे, बहुतेकींचे सुजतात. म्हणून सुजेवर विसंबता येत नाही. तिला तिच्या अंगातलं कळण्याचा एकच मार्ग आहे, पट्टा.

मी शहापूरकडे उपकेंद्रात होते तेव्हा लघवी तपासायची पट्टी मिळत नसे. काचेची नळी घ्यायची, ती लघवीने पाऊण भरायची, वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. उकळी आली की वर ढग धरला का पाहायचं, मग ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब सोडायचे. ढग विरला तर काही नाही. राहिला, दूध नासल्यासारखा दिसला, तर अल्ब्युमिन. बायका शेजारी उभं राहून बघायच्या. स्वतःच्या डोळ्यांनी तो पांढरा ढग पाहिलेली बाई तालुक्याच्या दवाखान्यात जायला नाही म्हणत नसे. आता पट्टी बुडवली की रंग बदलतो, काम सोपं झालं. पण तो रंग बाईला दाखवायची सवय मात्र आम्ही सोडली.

मोजण्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण इथे घरी मशीन असलेले बरेच जण बसले असतील. बाई जिना चढून आली आणि लगेच पट्टा बांधला, तर आकडा जास्त येतो. लघवी दाबून धरली असेल तरी जास्त येतो. बोलत असेल तरी जास्त येतो. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला. बाही वर गुंडाळून दंडाला आवळू द्यायची नाही. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर नसलेलं बीपी दिसतं, आणि बारीक दंडाला मोठा बांधला तर असलेलं लपतं. ही दुसरी चूक आपल्या वीटभट्ट्यांवरच्या, कातकरी वाड्यांवरच्या हडकुळ्या मुलींच्या जिवावर बेतू शकते. आणि पाऱ्याचं यंत्र असेल तर पारा सावकाश उतरू द्यायचा, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. घाईत सोडला की पहिला ठोका चुकतो.

केंद्रांच्या पाहणीला गेले की मी रजिस्टर उघडून आधी फक्त शेवटचे अंक वाचत असे. यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात. म्हणजे ११२, ११४, ११६, ११८ असे आकडे यायलाच हवेत. पानभर शेवटी शून्यच असतील, तर त्या पानावर अंदाज लिहिलेत एवढं मला कळायचं. मी ओरडायची नाही. त्या मुलीला विचारायची, आज किती बायका होत्या आणि यंत्र नीट चालतंय का. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळायचं. फुगा फाटलेला, सेल संपलेले, सत्तर बायका आणि एक नर्स. जिच्या हाताला अशी परिस्थिती येते ती खोटं लिहिते, हे मी अनुभवाने सांगते. म्हणून माझी मागणी आधी त्या मुलीकडे नाही, साहेबांकडे आहे. प्रत्येक तपासणी केंद्रावर दोन चालू यंत्रं, दोन मापांचे पट्टे, वर्षातून दोनदा यंत्रांची पडताळणी, आणि रकाना कोरा ठेवण्याची मोकळीक.

आणखी एक. १४०च्या खालचा प्रत्येक आकडा निर्धास्त नसतो. तिसऱ्या महिन्यात जिचं ९०/६० होतं, ती आठव्यात १३०/८४वर आली तर पुस्तकाप्रमाणे तिला आजार नाही. पण तिला मी महिन्याने बोलवत नसे, आठवड्याने बोलवत असे. त्यासाठी तिसऱ्या महिन्यातला आकडा हातात हवा, आणि तो हवा तर नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. कुणाला धोका जास्त, हे लवकर ओळखण्यासाठी आपल्याच डॉक्टरांनी, डॉ. गोरख मंद्रुपकर, डॉ. संजय गुप्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जेस्टोसिस स्कोअर नावाची गुणपद्धती तयार केली आहे. वय, पहिलटकरीण आहे का, रक्तक्षय, मधुमेह, जुळं, आधीच्या खेपेला बीपी होतं का, असे गुण मांडायचे. बेरीज तीन किंवा जास्त झाली तर ती जपण्याची बाई. अशा बाईला डॉक्टरांच्या सल्ल्याने चौथ्या महिन्यापासून ॲस्पिरिनची लहान गोळी देतात आणि पुष्कळ जणींचा आजार टळतो किंवा लांबतो. चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या दोन गोळ्या सरकारकडून सगळ्यांनाच मिळतात. त्या खाल्ल्या जात नाहीत, फडताळात राहतात. खा, एवढंच सांगते.

आता आपल्या शहरांकडे येते. ठाणे, कल्याण, डोंबिवली. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची वस्ती साडेबारा लाखांच्या घरात होती, ठाण्याची अठरा लाखांवर. गल्लोगल्ली मॅटर्निटी होम आहेत. इथे दवाखाना दूर नाही. मग बाई निसटते कुठे?

निसटते ती सातव्या महिन्यात. डोंबिवलीतली सून मूळची कोकणातली असते, खानदेशातली असते, साताऱ्याची असते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, बर्फी की पेढा, आणि आठवड्याभरात ती रत्नागिरीच्या नाहीतर चाळीसगावच्या गाडीत बसते. जायच्या आधी इथल्या डॉक्टरांची शेवटची भेट होते, तिकडे गेल्यावर नव्या डॉक्टरांची पहिली भेट महिना-दीड महिन्यानं, काही कुटुंबांत थेट कळा सुरू झाल्यावरच. नेमक्या याच काळात, अठ्ठावीस ते छत्तीस आठवड्यांत, रक्तदाब वाढायला लागतो. ज्या दिवसांत दर पंधरवड्याला पट्टा बांधायचा त्याच दिवसांत ती कुणाचीच पेशंट नसते. माहेरी जाण्याची रीत मला प्रिय आहे. आईच्या हातचं खाऊन, सासरच्या कामातून सुटून मुलीला जो विसावा मिळतो त्याला तोड नाही. माझं म्हणणं एवढंच की ओटीत नारळाबरोबर तिचं माता-बाल संरक्षण कार्ड घाला. आणि निघायच्या आधी माहेरच्या आशाताईला फोन करा, कुठल्या तारखेला येतेय आणि शेवटचं बीपी किती होतं ते सांगा.

दुसरी निसटते ती नोकरीवाली. २०१७पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची रजा आहे, त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पण प्रत्येकीला वाटतं, सगळी रजा बाळासाठी राखावी. म्हणून आठवा महिना, नववा महिना उजाडला तरी ती सकाळी सात-पन्नासच्या लोकलच्या गर्दीत असते, चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली. सरकारी ओपीडी सकाळची, तिची ड्युटी सकाळची. खाजगी डॉक्टरकडे रात्री आठला पोहोचते तेव्हा दिवसाचा सगळा शीण अंगावर, बीपी जास्त आलं तरी ती म्हणते, दमलेय म्हणून असेल. दमल्यामुळे असेल तर अर्ध्या तासाने उतरेल. तो अर्धा तास थांबा. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टरांची मोफत तपासणी असते, २०१६पासून. त्या दिवशी गरोदर बाईला दोन तास उशिरा येऊ द्यायला कुठल्याही कचेरीचं, दुकानाचं काही बिघडत नाही.

आणि तिसरी निसटते ती बाळंतीण. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. वार पडली की आजार संपला, असं लोक समजतात, शिकलेलेही. खरं तर बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात रक्तदाब सगळ्यात वर जातो. आणि साधं बाळंतपण असेल तर तिसऱ्या दिवशी आपण घरी सोडतो. घरी काय होतं? बाळाला न्हाऊमाखू घालणं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. बाळंतीण म्हणते, डोकं फार दुखतंय. लगेच उत्तर मिळतं, वारा लागला असेल, कान बांध, पंखा बंद करा. कान बांधायला माझी हरकत नाही. पण कान बांधायच्या आधी दंडाला पट्टा बांधा. बाळंतिणीचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, पोटाच्या वरच्या बाजूला दुखणं, दम लागणं, हे सव्वा महिन्यापर्यंत बीपीचंच समजायचं आणि मोजून मगच दुसरं कारण धरायचं. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जाते, बाळाला काट्यावर घालते, ताप बघते. तिच्या पिशवीत एक पट्टाही असावा, असं मी बैठकीत प्रत्येक वेळी म्हणत आले, इथेही म्हणते.

नुसता पट्टा दिला की काम झालं, असंही मी म्हणत नाही. आपल्या शेजारचं उदाहरण सांगते. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या लोकांनी गावोगावच्या आशा आणि एएनएम यांच्या हाती बीपीचं यंत्र आणि मोबाइल दिला. घरी जाऊन मोजायचं, मोबाइल सांगेल तसं गोळी, इंजेक्शन, रवानगी करायची. असाच प्रयोग पाकिस्तानात आणि मोझांबिकमध्येही झाला. २०२० साली निकाल आले, आणि सगळं एकत्र पाहता मृत्यू आणि गंभीर आजार ठळकपणे कमी झालेले दिसले नाहीत. मी ते वाचलं तेव्हा दोन दिवस मला चैन पडलं नाही. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. ज्या बायकांच्या घरी आठ किंवा जास्त वेळा कुणीतरी गेलं होतं, त्यांच्यात फरक दिसत होता. माझ्या बुद्धीने मी त्याचा अर्थ असा लावते: एकदा मोजलेला आकडा बाईला वाचवत नाही. तीच बाई, तोच दंड, पुन्हा पुन्हा, आणि आकडा चढला की पुढे काहीतरी हलायला हवं. गाडी, औषध, खाट.

औषध आहे, स्वस्त आहे आणि नर्सच्या हातात आहे. मॅग्नेशियम सल्फेट. २००२ साली दहा हजारांहून जास्त बायकांवर, ३३ देशांत झालेल्या मॅगपाय नावाच्या अभ्यासात त्याने झटक्यांचा धोका निम्म्याने कमी केला. आपल्याकडे वरच्या दवाखान्यात पाठवण्यापूर्वी एएनएमने पहिला डोस द्यायचा असतो, दहा ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. एका ग्रॅमचं एक ॲम्प्यूल. म्हणजे बाईला झटके येत असताना दहा काचा फोडायच्या, दहा वेळा सुई बुडवून औषध ओढायचं. हात थरथरतात, काच बोटात जाते. म्हणून मी मुलींकडून पाण्याच्या ॲम्प्यूलवर घड्याळ लावून सराव करून घेत असे. काहींना घाबरून हा डोस द्यायचाच नसतो, श्वास थांबेल म्हणतात. मात्रा मोठी असल्याने भीती खोटी नाही. त्यासाठी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का पाहायचं, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली जात नाही ना ते मोजायचं, लघवी होतेय ना बघायचं, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवायचं. एवढं केलं तर डोस न देण्यातच धोका जास्त आहे.

मग गाडी. डोंबिवलीहून, कल्याणहून अत्यवस्थ बाईला कळव्याच्या नाहीतर शीवच्या रुग्णालयात न्यायचं म्हणजे शीळफाटा, मुंब्रा बायपास. कल्याणचा पत्रीपूल पाडून नवा होईपर्यंत दोन वर्षं या गावाने काय सोसलं ते तुम्हाला सांगायला नको. त्या कोंडीत रुग्णवाहिकेत बसलेल्या नर्सला जे वाटतं ते मी सांगू शकणार नाही. एवढंच सांगते की निघण्यापूर्वी डोस दिलेला असला, बीपीची गोळी पोटात गेलेली असली, आणि पलीकडे फोन करून खाट पक्की केलेली असली, तर ती कोंडी बहुतेक बायका पार करतात. फोन न करता पाठवलेली बाई दुसऱ्या दारातून तिसऱ्या दाराकडे जाते.

आता माता दगावली की चौकशी होते, जिल्हाधिकाऱ्यांपुढे आढावा बैठक होते, तिच्या घरच्यांनाही बोलावतात. अशा एका बैठकीत मी बसले आहे. एक म्हातारे वडील होते. आम्ही सगळे तारखा, आकडे, रेफरल स्लिपा वाचत होतो. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "तिला आधी कुणी सांगितलं का नाही?" मला वाटतं या सगळ्या यंत्रणेला विचारायचा प्रश्न तोच आहे. कारण आधी कळत होतं.

आयोजकांना मी एक विनंती केली होती, ती त्यांनी मान्य केली. बाहेर व्हरांड्यात टेकायला पाठ असलेल्या सहा खुर्च्या, एक टेबल आणि दोन मशीन मांडली आहेत. माझ्या दोन विद्यार्थिनी तिथे आहेत. इथे ज्या गरोदर आहेत, ज्या नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, त्यांनी आधी तिकडे यावं. कार्ड असेल तर बरोबर आणा, नसेल तर कागदावर लिहून देऊ. पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटं अगदी शांत बसायचं असतं, म्हणून मी माझं बोलणं इथे थांबवते.